पाय स्वस्थ बसू देत नाहीत तेव्हा : प्रस्तावना

दिवसभर उभ्याने काम करून संध्याकाळी टेकावे आणि नेमके तेव्हाच पाय हलवल्याशिवाय चैन पडू नये, असा त्रास असलेले एखादे माणूस बहुतेकांच्या ओळखीत असते. ते बोलत नाही, म्हणून आपल्याला ठाऊक नसते. पूर्वी एकदोनदा बोलून पाहिले तेव्हा काय झाले, हे त्याच्या चांगले लक्षात असते. पाय दुखतात का? दुखणे म्हणावे असे नाही. मुंग्या येतात? तशाही नाहीत. मग होते तरी काय? इथे शब्द अडतात. समोरचा ‘दगदग झाली असेल’ म्हणतो, विषय तिथेच मिटतो, आणि रात्री साडेअकराला ते माणूस पुन्हा स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा येरझाऱ्या घालू लागते.

वैद्यकात या व्याधीला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. ज्या दोन डॉक्टरांनी ती नीट ऐकून लिहून ठेवली त्यांच्या नावांवरून विलिस-एकबॉम डिसीज असेही म्हणतात. पुढील पानांत ‘अस्वस्थ पाय’ असाच साधा उल्लेख केला आहे. युरोप-अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये ५ ते १० टक्के प्रौढांत ही लक्षणे कमीअधिक आढळतात. उपचार करावेच लागतील इतका त्रास साधारण २ ते ३ टक्क्यांना असतो. आशियातले आकडे यापेक्षा कमी येतात. बंगळुरूच्या शहरी वस्तीतली एक पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात हे प्रमाण २.१ टक्के होते. ऐकायला हे थोडे वाटते. तेच प्रमाण महाराष्ट्रातल्या प्रौढांना लावून पाहिले, तर संख्या दहा लाखांच्या पुढे जाते. बायकांमध्ये हा त्रास पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट, वयाबरोबर वाढणारा, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तर फारच सर्रास दिसणारा. इतक्या माणसांच्या रात्री ज्यात खर्ची पडतात, त्याविषयी मराठीत सलग वाचायला फारसे मिळत नाही. म्हणून हा प्रपंच.

या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्याला एक गोष्ट आधीच सांगायला हवी. हा आजार ऐकून कळतो. एक्स-रे स्वच्छ असतो, मज्जातंतूंच्या तपासणीत बहुधा काही निघत नाही, एमआरआयही निर्दोष येतो. निदान उभे राहते ते केवळ रुग्णाच्या सांगण्यावर. आणि सांगणेच तर अवघड. कोणी म्हणते पोटऱ्यांच्या आत किडे वळवळतात. कोणी म्हणते हाडांत शिवशिवते. कोणाला आतून कुणीतरी पाय ओढतेय असे वाटते. एखादी आजी नुसतीच हाताने पोटरी दाबून दाखवते आणि म्हणते, ‘हे इथे, आत, खोल.’ या शब्दांची चेष्टा झाली की माणूस गप्प बसते. पुढे जे काही शास्त्र या पुस्तकात येईल, लोह, डोपामीन, जनुके, झोपेचे आलेख, ते सगळे अशा मोडक्यातोडक्या सांगण्यावर कुणीतरी विश्वास ठेवला म्हणून हाती आलेले आहे. माझ्या मते या क्षेत्राचा इतिहास म्हणजे ऐकणाऱ्यांचा आणि न ऐकणाऱ्यांचा इतिहास आहे.

ऐकायचे काय, हे आता पुरेसे ठरलेले आहे. पाय हलवण्याची अनावर ऊर्मी, बहुधा काहीतरी नकोशा संवेदनेसह; ती ऊर्मी बसल्यावर वा आडवे झाल्यावर सुरू होणे किंवा वाढणे; चालले, ताणले, झटकले की निदान तेवढ्यापुरता आराम पडणे; आणि सगळ्याचा जोर संध्याकाळी-रात्री असणे. या चार गोष्टी जुळल्या आणि दुसऱ्या कशाने त्यांचा उलगडा होत नसला, तर निदान पक्के. ही पाचवी, वगळण्याची अट या आजाराच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने नंतर जोडली, आणि ती जोडली हे फार बरे झाले. रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा टणक होतो, कळ असह्य असते, अंगठा वर ओढला की सुटते. तो वेगळा प्रकार. मधुमेहात तळपायांची आग होते, बधिरपणा येतो, पण चालल्याने ती शमत नाही. फुगलेल्या शिरांचे पाय उभे राहून जड होतात आणि वर करून ठेवले की हलके होतात, म्हणजे नेमके उलटे. आणि बसल्या बसल्या पाय हलवणारे पोर, ज्याला घरातली वडीलधारी माणसे ‘पाय हलवू नकोस’ म्हणून दटावतात, त्याची ती बहुतेक वेळा नुसती सवय असते. बहुतेक वेळा म्हणतो, नेहमी नाही. आईला किंवा आजोबांना हा त्रास असेल आणि मूल रात्री पाय चेपून मागत असेल, तर ‘वाढीचे दुखणे आहे’ म्हणून सोडून देण्याआधी थांबावे, विचारावे.

इंग्लंडमधल्या टॉमस विलिस या वैद्याने १६७२ साली लॅटिनमध्ये छापलेल्या ग्रंथात अशा रुग्णांचे वर्णन केले. मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या वर्तुळाला ज्याचे नाव आहे तो हाच विलिस. अंथरुणाला पाठ लागताच हातापायांत अशी ओढाताण सुरू होते की झोपायची जागा छळाची जागा व्हावी, अशा आशयाचे त्याचे लिहिणे आहे. त्याने अफूचा अर्क दिला आणि आराम पडला. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे हा धागा सुटल्यासारखाच राहिला. १८६१ मध्ये जर्मनीत टेओडोर विटमाक यांनी पुन्हा वर्णन केले, पण ते चिंतेच्या, हिस्टेरियाच्या खात्यात टाकले. बायकांच्या तक्रारी ज्या खात्यात सरसकट टाकल्या जात तेच हे खाते, आणि त्याचा परिणाम अजून पुरता गेलेला नाही.

मग आले स्वीडनचे कार्ल-आक्सेल एकबॉम. त्यांचा १९४५ चा प्रबंध आजही वाचावा असा आहे, कारण त्यात रुग्णांचे बोलणे जसेच्या तसे घेण्याची शिस्त आहे. हा मनाचा खेळ नाही, हे त्यांनी ठामपणे मांडले. हा त्रास घराण्यात चालतो, गरोदरपणात वाढतो, रक्त कमी असलेल्यांत दिसतो, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. त्यांच्याच देशातल्या नॉर्डलँडर यांनी १९५०च्या दशकात शिरेतून लोह देऊन पाहिले आणि पुष्कळांना बरे वाटले. एवढे हाती आलेले असूनही लोहाचा विषय पुढची चाळीसएक वर्षे मागे पडला. हे का घडले याची अनेक कारणे सांगतात. मला त्यातले एक पटते. रुग्णांचे हिमोग्लोबिन बहुधा ठीक असे, म्हणून लोहाकडे पाहण्याचे कारण डॉक्टरांना दिसत नसे.

इथे थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण आपल्याकडच्या वाचकासाठी या पुस्तकातला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. शरीरातले लोह केवळ रक्तात नसते; ते साठवलेलेही असते, आणि त्या साठ्याचा अंदाज फेरिटिन या तपासणीने येतो. साठा आटत जातो तेव्हा हिमोग्लोबिन बराच काळ टिकून राहते. मेंदूची गोष्ट आणखी वेगळी. या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात फेरिटिन कमी असल्याचे २००० साली दिसले. पुढे २००३ मध्ये, रुग्णांनी मरणोत्तर दान केलेल्या मेंदूंच्या तपासणीत, मेंदूच्या ‘सबस्टँशिया नायग्रा’ या काळसर भागातल्या पेशींत लोहाची कमतरता सापडली. पेशी मेलेल्या नव्हत्या, हे त्यातले महत्त्वाचे. पार्किन्सनमध्ये त्याच भागातल्या पेशी मरतात. ‘मला पुढे पार्किन्सन होणार का?’ ही भीती पुष्कळ जण मनात घेऊन येतात. त्यांना हा फरक समजावून सांगितला पाहिजे. डोपामीन हे मेंदूतले निरोप पोचवणारे रसायन. ते बनवणाऱ्या एन्झाइमला काम करायला लोह लागते, आणि डोपामीनचा प्रभाव रात्री तसाही ओसरतो. लोह, डोपामीन आणि घड्याळ अशी ही तिहेरी गाठ आहे. तिचे सगळे पदर अजून उलगडलेले नाहीत, पण धरायचे टोक सापडलेले आहे.

आता व्यवहार पाहा. प्रयोगशाळेच्या कागदावर फेरिटिनची ‘सामान्य’ मर्यादा बहुधा दहा-पंधरापासून सुरू होते. एखाद्या बाईचे फेरिटिन १८ आले तर आकड्यापुढे खूण नसते, डॉक्टर कागद परत देतात, बाई घरी जाते. अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीने २०२५ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत अस्वस्थ पायांच्या प्रौढ रुग्णाचे फेरिटिन ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असेल, अथवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनाचा लोहाने भरलेला हिस्सा) २० टक्क्यांखाली असेल, तर लोह द्यावे, गोळीने किंवा शिरेतून, असे म्हटले आहे. ७५ ते १०० च्या दरम्यान असेल तर शिरेतूनच. म्हणजे फेरिटिन अठरा असलेली ‘सामान्य’ बाई उपचाराच्या उंबरठ्याच्या कितीतरी खाली आहे. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. हिमोग्लोबिनच जिथे इतके खाली, तिथे साठ्याची काय कथा असेल! रात्री पायांत वळवळ होते असे त्यांतल्या कितीजणींना कधी विचारले गेले असेल?

लोहाची गोळी घ्यायची तीही समजून. चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेतली तर शोषण कमी होते. लिंबू, आवळा, पेरू यांच्यातले क जीवनसत्त्व मदत करते. रोज दोनदा गोळी घेण्यापेक्षा दिवसाआड एक घेतली तर शरीर ती अधिक चांगली पचवते, असे अलीकडचे संशोधन सांगते, आणि पोटाचा त्रासही कमी होतो. फरक पडायला आठवडे लागतात, कधी महिने. बाळंतिणीचे आळिवाचे लाडू, लोखंडी कढईतली पालेभाजी हे सगळे चांगले, जरूर असावे. पण आटलेला साठा केवळ त्यावर भरून निघेल अशी आशा धरू नये. आणि तपासणीवाचून लोह सुरू करू नये. थॅलेसेमिया मायनर असलेल्यांचे हिमोग्लोबिन कमी असते, पण लोह पुरेसे असू शकते. अंगात कुठे जंतुसंसर्ग वा सूज असेल तर फेरिटिन उगाच चढलेले दिसते. हे सगळे जोखून निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

काही ठिकाणी हा आजार डोळ्यांसमोर घडताना दिसतो. डायलिसिसचे केंद्र त्यांपैकी एक. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांमध्ये अस्वस्थ पायांचे प्रमाण इतरांच्या कितीतरी पट आहे. रुग्ण खुर्चीत किंवा खाटेवर चार तास अडकलेला असतो. ज्या हातात सुया आहेत तो हलवायचा नाही. पहिला तास बरा जातो. मग टाच चादरीवर घासायला लागते, गुडघा उचलला जातो, पुन्हा सरळ होतो, माणूस कूस बदलू पाहते. नळीवर दाब येतो आणि यंत्र वाजायला लागते. तंत्रज्ञ येऊन म्हणतो, ‘काका, हलू नका.’ काका प्रयत्न करतात. तिसऱ्या तासाला ते म्हणतात, ‘आज एवढेच करा, सोडा मला.’ डायलिसिस अर्धवट राहिले की रक्तात घाण साचत जाते, आणि केंद्राच्या नोंदीत ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असे पडते. त्या तंत्रज्ञाला हे लक्षण ओळखता आले, त्याने डॉक्टरांना सांगितले, तर त्या माणसाचे पुढचे सगळे तास बदलू शकतात. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर पुष्कळांचा हा त्रास नाहीसा होतो, यावरून त्याचे मूळ किती शारीरिक आहे हे कळावे.

आता झोपेकडे येऊ. पायांचा त्रास माणूस सांगते ते जागेपणीचे. झोप लागल्यावर जे घडते ते त्याला ठाऊकच नसते. इटलीत बोलोन्याच्या एलिओ लुगारेसी यांनी १९६०च्या दशकात रात्रभराच्या नोंदी घेऊन ते उघड केले. झोपेच्या प्रयोगशाळेत नडगीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूवर, इलेक्ट्रोड चिकटवतात. पडद्यावर ती रेघ सपाट चालत असते. अचानक तिच्यावर एक जाडसर पट्टा उमटतो: पायाचा अंगठा वर गेला, घोटा वळला, कधी गुडघाही दुमडला. एक-दोन सेकंद, की पुन्हा शांत. वीस-पंचवीस सेकंदांनी तेच. पुन्हा तेवढ्याच अंतराने तेच. अशा रांगाच्या रांगा. प्रत्येक झटक्याला नाडी किंचित वाढते, आणि मेंदूच्या रेघेवर कधी अर्धवट जाग येऊन गेल्याची खूण असते. या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्क्यांमध्ये हे झटके असतात. सकाळी विचारले तर ‘झोप लागली, पण झोपल्यासारखे वाटत नाही’ एवढेच उत्तर मिळते. शेजारी झोपणाऱ्याला मात्र लाथांचा हिशेब पाठ असतो. म्हणून तपासायला जोडीदारासह बोलवावे.

या त्रासाचे वेळापत्रक फार दुष्ट आहे. जोर संध्याकाळनंतर चढतो, मध्यरात्रीच्या आसपास कळसाला पोचतो आणि पहाटे उतरतो. चारला कुठे डोळा लागतो, आणि पाचला नळाला पाणी येते, सहाला डबा करायचा असतो. ज्याला सकाळी उठवत नाही त्याला आपल्याकडे आळशी म्हणतात. सुनेच्या बाबतीत तर हे बोलणे किती लवकर सुरू होते ते सांगायला नको. एका खोलीत पाच-सहा जण झोपणाऱ्या घरात रात्री उठून चालायलाही जागा नसते. चालणारी बाई भांड्याला पाय लागेल म्हणून जिन्यात जाऊन उभी राहते. झोपेच्या वंचनेतून चिडचीड येते, लक्ष लागत नाही, आणि दिवस मावळताना आजची रात्र कशी जाणार या विचाराने पोटात गोळा येतो. दीर्घकाळ असे चालले की नैराश्य जडते. जीव नकोसा होण्याइतकी पाळी काहींवर येते. अशा वेळी पायांचा आणि मनाचा, दोन्हींचा उपचार एकाच वेळी आणि तातडीने हवा. त्यात थांबण्यासारखे काही नाही.

औषधांविषयी थोडे. तुर्कस्तानचे अकपिनार यांनी १९८२ मध्ये डोपामीन वाढवणाऱ्या लेव्होडोपाचा परिणाम नोंदवला आणि या क्षेत्राचा नूर पालटला. पाठोपाठ प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल आली. पहिल्या गोळीच्या रात्रीच गाढ झोप लागावी, असा अनुभव अनेकांना आला. पण १९९६ मध्येच एका धोक्याची नोंद झाली होती. महिने-वर्षे गेल्यावर हीच औषधे त्रास वाढवू लागतात: पूर्वी रात्री दहाला सुरू होणारी वळवळ दुपारी चारला सुरू होते, पायांबरोबर हातांतही येते, टेकल्या टेकल्या सुरू होते. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही वाटते की आजार बळावला. मग मात्रा वाढते, आणि तिच्याबरोबर त्रासही वाढतो. काहींना जुगाराचे, बेसुमार खरेदीचे वेड लागते, आणि ते औषधामुळे आहे हे घरच्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणूनच २०२५ च्या तत्त्वांत ही औषधे सरसकट देऊ नयेत असे म्हटले आहे, आणि गॅबापेन्टिन, प्रीगॅबलिन या गटाला पुढे केले आहे. त्यांनाही गुंगी, तोल जाणे, वजन वाढणे हे जोडून येते. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. सगळे उपाय थकलेल्या तीव्र रुग्णांना, कडक देखरेखीत, अल्प मात्रेत अफूजन्य औषधे देतात. विलिसने जे दिले होते त्याचेच हे शिस्तीतले रूप.

पण नवे औषध लिहिण्याआधी चालू असलेली औषधे पाहावीत, हा माझा आग्रह आहे. सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिन, मळमळीवरचे मेटोक्लोप्रामाइड, नैराश्यावरची काही औषधे, मनोविकारांवरची काही औषधे, ही अस्वस्थ पाय चाळवू शकतात. घाटात गाडी लागते म्हणून रात्रीच्या बसमध्ये चढण्याआधी घेतलेल्या प्रोमेथाझिनचेही तसेच. गोळीने गुंगी येते, त्याच वेळी पाय पेटतात, आणि दोन आसनांच्या फटीत गुडघे अडकलेले असतात. त्या प्रवासाची आठवण रुग्ण सांगतात, गोळीची सांगत नाहीत. ती विचारून काढून घ्यावी लागते.

घरगुती उपायांकडे मी आदराने पाहतो. पोटऱ्या चेपणे, काशाच्या वाटीने तळवे घासणे, ओढणीने पाय घट्ट आवळणे, उन्हाळ्यात गार फरशीवर पाय टेकणे, गरम पाण्यात बुडवणे: पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हे केले कारण तेवढ्यापुरता आराम पडतो, आणि दाब-स्पर्शाची संवेदना आतल्या वळवळीवर मात करते हे पटण्यासारखे आहे. घट्ट आवळताना रक्तपुरवठा थांबणार नाही एवढे पाहावे. संध्याकाळनंतर चहा-कॉफी, तंबाखू आणि दारू टाळून पाहावी. मन गुंतले की त्रास हटतो, हे फार कमी लोकांना सांगितले जाते. नुसता टीव्ही पाहून भागत नाही; विणकाम, पत्ते, शब्दकोडे, तावातावाने केलेली चर्चा, असे काहीतरी लागते. नाटकाला जाताना कडेची खुर्ची घ्यावी.

आपल्या परंपरेतही हे शोधावे, असे काही जणांना वाटते. चरकसंहितेत निद्रा हा शरीराच्या तीन उपस्तंभांपैकी एक मानला आहे आणि वाताच्या ऐंशी विकारांत पायांच्या अनेक तक्रारी आहेत. त्यांतली अमुक एक म्हणजेच हा आजार, असे घाईने ठरवू नये. पोटऱ्यांत पेटके येणे तिथे स्पष्ट आहे. विश्रांतीत वाढणारी आणि चालल्याने शमणारी ऊर्मी इतकी स्पष्ट मला तरी दिसलेली नाही. संस्कृत आणि वैद्यक दोन्ही जाणणाऱ्या अभ्यासकाने यात लक्ष घातले तर स्वागतच आहे.

करण्यासारखे काम पुष्कळ आहे. २००७ मध्ये आइसलँड आणि जर्मनीतल्या संशोधकांनी या आजाराशी निगडित पहिली जनुके शोधली. २०२४ पर्यंत जनुकसंचातल्या अशा जागांची संख्या १६० च्या वर गेली. ही माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. लोहाचा तुटवडा इतका असूनही भारतात या आजाराचे आकडे कमी का येतात, हा प्रश्न उघडा आहे: खरोखर कमी आहे, की विचारण्याची पद्धत चुकते? भंडाऱ्याच्या बाईला आणि सावंतवाडीच्या बाईला एकाच प्रमाण मराठी वाक्यात विचारले तर दोघींकडून सारखे उत्तर मिळेल का? पाहणीला निघालेल्याने आधी गावोगावचे शब्द गोळा केले पाहिजेत. हे काम मोठ्या प्रयोगशाळेवाचून होऊ शकते, आणि ते मराठी बोलणाऱ्यांनाच करावे लागेल.

म्हणून हे पुस्तक डॉक्टरांइतकेच परिचारिकांसाठी, आशाताईंसाठी, डायलिसिसच्या तंत्रज्ञांसाठी आणि रुग्णांच्या घरच्यांसाठी आहे. प्रकरणे क्रमानेच वाचली पाहिजेत असे नाही. ज्याला स्वतःचा त्रास ओळखायचा आहे त्याने लक्षणांचे प्रकरण आधी पाहावे, गरोदर बाईने लोहाचे.

दवाखान्यात बसणाऱ्यांना एक विनंती आहे. झोप नीट येत नाही अशी तक्रार कानावर आली की झोपेची गोळी लिहिण्याआधी एवढे विचारा: ‘आडवे झाल्यावर पाय हलवावेसे वाटतात का, आणि चालल्यावर बरे वाटते का?’ उत्तर होकारार्थी आले तर फेरिटिन तपासा. आणि ज्यांना हा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांकडे जाताना किती वाजता सुरू होते, कशाने थांबते, कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि घरात आणखी कोणाला आहे, हे एका कागदावर लिहून न्यावे. तपासणीचा कागद हातात आला की त्यावरचा आकडा विचारून घ्यावा, ‘नॉर्मल आहे’ एवढ्या उत्तरावर उठू नये. चालू असलेली कोणतीही गोळी हे पुस्तक वाचून स्वतःच्या मनाने बंद करू नये.